थांब्यावरचं मत

२०१५ च्या ऑक्टोबरात कॅनडातल्या, टोरोंटोशेजारच्या ब्रॅम्प्टन शहराच्या नगर परिषदेने दारात आलेली ट्राम परत पाठवली. ऑन्टारियोच्या प्रांतिक सरकारने त्याच वर्षी एप्रिलमध्ये जाहीर केलं होतं, की मिसिसागाहून ब्रॅम्प्टनच्या जुन्या गावठाणापर्यंत ह्युरॉन्टारियो-मेन रस्त्याने ट्राम टाकू आणि बांधकामाचा १६० कोटी डॉलरपर्यंतचा खर्च आम्हीच सोसू. शहराने फक्त हो म्हणायचं होतं. बैठक मध्यरात्र उलटेपर्यंत चालली, लोक उठून उठून बोलले, आणि सात विरुद्ध चार मतांनी मेन स्ट्रीटवरचा तुकडा नाकारला गेला. ट्राम स्टील्स अव्हेन्यूपर्यंत, म्हणजे शहराच्या दक्षिण अंगापर्यंतच येईल असं ठरलं.

मी इथे राहायला आले तेव्हा ही गोष्ट शिळी झाली होती, तरी बसमध्ये अजून निघायची. बस उशिरा आली की कुणीतरी हमखास म्हणायचं, आपल्या लोकांनी ट्राम घालवली. माझ्यासारख्या मराठवाड्यातल्या वसमतच्या माणसाला हे पचायला जड जातं. आपल्याकडे रेल्वे मागण्यात पिढ्या गेल्या. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हापासून ब्रॉडगेजची मागणी लोकांच्या तोंडी होती, आणि स्वातंत्र्यसैनिक गोविंदभाई श्रॉफांसारख्या माणसांनी ती वर्षानुवर्षं लावून धरली. वसमतवरून जाणारा पूर्णा-अकोला मार्ग रुंद व्हायला तरी २००८ उजाडलं. तोवर आम्ही पूर्णेला उतरून, बोचकी उचलून, दुसऱ्या गाडीत बसत आलो. आणि इथे लोकांनी घरपोच आलेली गाडी नको म्हणून सांगितलं.

नको म्हणणाऱ्यांत सगळ्यांत वजनदार माणूस होता बिल डेव्हिस. १९७१ ते १९८५ ऑन्टारियोचे प्रीमियर, आपल्या हिशेबाने मुख्यमंत्री. ब्रॅम्प्टनचेच, मेन स्ट्रीटवर राहणारे. आता यातली गंमत बघा. खुर्चीवर बसून तीन महिने होतायत तोच, ३ जून १९७१ रोजी, याच डेव्हिसांनी टोरोंटोच्या मधोमध घुसणारा स्पॅडायना द्रुतगती मार्ग थांबवला होता. त्याचा उत्तरेकडचा भाग बांधून झाला होता. पुढे तो ज्या वस्त्या कापत जाणार होता तिथल्या लोकांनी रान उठवलं. न्यूयॉर्क सोडून १९६८ मध्ये टोरोंटोला आलेल्या, शहरांवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स त्या लढ्यात होत्या. डेव्हिस विधानसभेत जे बोलले त्याचा मथितार्थ असा, की वाहतूक मोटारींसाठी उभारायची असेल तर हा रस्ता उत्तम, पण ती माणसांसाठी उभारायची असेल तर इथेच थांबायला हवं. टोरोंटोची माणसं हे भाषण आजही अभिमानाने सांगतात.

तोच माणूस चव्वेचाळीस वर्षांनी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, आपल्या रस्त्यावरून ट्राम नको म्हणून नगर परिषदेपुढे उभा राहिला.

मला यात ढोंग दिसत नाही. दोन्ही वेळा डेव्हिस राहत्या वस्तीच्या बाजूने बोलले. १९७१ मध्ये वस्तीचं हित आणि बसने जाणाऱ्याचं हित एकाच बाजूला होतं, २०१५ मध्ये ते एकमेकांसमोर आलं, एवढाच फरक. विरोधकांचे मुद्देही सगळेच पोकळ नव्हते. मेन स्ट्रीट अरुंद आहे, दोन्ही अंगांना जुनी घरं आणि जुनी झाडं आहेत. ट्राम रोज चालवायचा खर्च शहराच्या माथी येणार होता. दक्षिणेला मिसिसागाकडे जाण्यापेक्षा पूर्वेला टोरोंटोकडे जाणाऱ्यांची सोय आधी करा, असंही लोक म्हणत होते. हे सगळं ऐकून घेण्यासारखंच होतं. खटकतं ते वेगळंच. त्या रात्री सभागृहात कोण बसू शकत होतं?

ब्रॅम्प्टन हे गोदामांचं शहर आहे. विमानतळाच्या अंगाला मैलोन्मैल शेड पसरलेल्या आहेत. टोरोंटो परिसरातल्या दुकानांत आणि घरांत जाणारा किती माल तिथे उतरतो, चढतो, बांधला जातो. ते काम पाळ्यांमध्ये चालतं. दुपारच्या पाळीचा माणूस संध्याकाळच्या सुनावणीला येत नाही, कारण तेव्हा तो ट्रकचा मागचा दरवाजा उघडत असतो. रात्रपाळीचा तेव्हा झोपेतून उठून डबा भरत असतो. आणि यांतले कितीतरी जण आले तरी त्यांच्या बोलण्याला वजन किती? ऑन्टारियोत नगर परिषदेला मत द्यायचं तर कॅनडाचं नागरिकत्व लागतं. शिकायला आलेल्या पोरांना मत नाही, कामाच्या परवान्यावर असलेल्यांना मत नाही, कायम वास्तव्याचा कागद मिळालेल्यांनाही नाही. मलाही बरीच वर्षं नव्हतं. तेव्हा मी कर भरायची, तिकीट काढायची, बर्फात उभी राहायची. फक्त मला कुणी विचारायचं नाही.

शेरीडन कॉलेजचा इथला कॅम्पस याच डेव्हिसांच्या नावाने आहे. त्याच्या बाहेरच्या थांब्यावर संध्याकाळी पाठीवर सॅक घेतलेल्या पोरापोरींची रांग लागते. पंजाबी, गुजराती, मल्याळी, अधूनमधून एखादं मराठीही कानावर पडतं. वर्ग संपवून कामावर निघालेली ही पोरं. ज्यांचं नाव कॉलेजच्या पाटीवर आहे त्यांचं मत नगर परिषदेत पोचलं, पाटीखाली उभ्या असलेल्यांचं पोचलं नाही.

एवढं होऊनही हे शहर बसने फिरतं, आणि ते कसं जमलं हे मला आपल्याकडच्या वाचकांना मुद्दाम सांगायचंय. २०१० च्या सप्टेंबरात ब्रॅम्प्टनने 'झूम' नावाची बस सुरू केली, पहिली क्वीन स्ट्रीटवर. त्यात जादू काहीच नव्हती. थांबे कमी आणि लांब लांब, सिग्नलला बसला थोडी सवलत, पुढची बस किती मिनिटांत येतेय ते दाखवणारी पाटी, आणि मुख्य म्हणजे गर्दीच्या वेळी एक बस चुकली तर दुसरी लगेच मागे. त्याआधी कुणी सर्वेक्षण केलं असतं तर या मोटारवाल्या गावाने बहुतेक सांगितलं असतं, की आम्हाला बस नको, रस्ते रुंद करा. प्रत्येक घरापुढे दोन-तीन गाड्या उभ्या असलेलं हे गाव. पण बस वेळेवर यायला लागली आणि माणसं चढायला लागली. मग मेन स्ट्रीटवर झूम आली, स्टील्सवर आली, बोवेर्डवर आली. शहराच्या लोकसंख्येपेक्षा बसचे प्रवासी वेगाने वाढत गेले. करोनात टोरोंटोच्या कचेऱ्यांतली माणसं घरी बसली, पण गोदामातलं खोकं घरी बसून उचलता येत नाही. ब्रॅम्प्टनच्या काही बस त्या काळातही भरून जात होत्या, आणि गेलेले प्रवासी लवकर परत आले अशा उत्तर अमेरिकेतल्या मोजक्या शहरांत या गावाचं नाव घेतलं जातं.

रेल्वेचं मात्र आपल्यासारखंच आहे. टोरोंटोच्या उपनगरांत गो ट्रान्झिटच्या गाड्या १९६७ पासून धावतात, पण ब्रॅम्प्टनमधून जाणारा रूळ मालगाड्यांच्या कंपनीच्या मालकीचा आहे. सरकारी प्रवासी गाडी तिथे भाडेकरू. लोकांनी कितीही अर्ज केले तरी आधी मालगाडी. पूर्णा-अकोल्याच्या एकेरी मार्गावर क्रॉसिंगला ताटकळलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

इथे लोकांचं मत घ्यायची एक ठरलेली रीत आहे. ग्रंथालयात किंवा क्रीडा संकुलाच्या हॉलमध्ये मोठमोठे नकाशे उभे करतात. शेजारी कॉफी, बिस्किटं. आलेल्याच्या हातात रंगीत टिकल्या देतात. हवा तिथे हिरवी लावा, नको तिथे लाल. चिठ्ठीवर लिहायचं असेल तर लिहा, सगळं नोंदवून घेतलं जाईल. माणसं अतिशय सौजन्याने वागतात, खोटं नाही. पण तिथे जमलेल्यांत बहुतेक पांढऱ्या केसांचे, स्वतःच्या गाडीने आलेले, आणि आपल्या घरापुढे काय होणार एवढंच बघायला आलेले. बसने आलेलं कुणी असेल तर ते घड्याळाकडे बघत असतं, कारण परतीची बस गाठायची असते. मग अहवालात लिहिलं जातं, नागरिकांनी चिंता व्यक्त केली. थांब्यावर उभ्या असलेल्यांना चिंता नव्हती का? ती कुणाच्या टिकलीत उमटली नाही, इतकंच.

माझं म्हणणं एवढंच आहे, की प्रवासाबद्दलचं मत प्रवासातच घ्यायला हवं. बस किती भरून जाते, किती जण थांब्यावर राहून जातात, किती जणी अंधार पडायच्या भीतीने शेवटचा तास सोडून निघतात, हे मोजलं की मत कळतं. त्याला हॉल लागत नाही, बिस्किटंही लागत नाहीत.

हे ब्रॅम्प्टनबद्दल जितकं खरं तितकंच वसमतबद्दल. आईशी फोनवर बोलताना निम्मं बोलणं एसटीवरच चालतं. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा ती म्हणाली, आता नांदेडचा दवाखाना जवळ आला. त्याच्या आदल्या वर्षी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली, आणि योगायोग असा, की त्याच २०२२ मध्ये ब्रॅम्प्टननेही पासष्टीच्या पुढच्या रहिवाशांना बस मोफत केली. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी लगेच फिरायला सुरुवात केली. तिकीट स्वस्त झालं की काय होतं ते आपण पाहिलं. पण गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय, हा आईचा पुढचा प्रश्न, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नसतं. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपानंतर राज्यभर खेड्यांतल्या किती फेऱ्या पुन्हा नीट सुरू झाल्या नाहीत, हे खेड्यातल्या माणसाला विचारा. त्यांची जागा काळीपिवळीने आणि ऑटोने घेतली.

आणि खेड्यासाठी सगळ्यांत मोलाची गाडी म्हणजे मुक्कामी. रात्री गावात येऊन थांबते, चालक-वाहक तिथेच झोपतात, पहाटे तीच गाडी पोरांना, दूधवाल्याला, दवाखान्यात निघालेल्या म्हातारीला घेऊन तालुक्याला येते. ती बंद झाली की कुरुंदा-हट्ट्याकडच्या एखाद्या आडबाजूच्या गावातल्या मुलीची अकरावी-बारावी धोक्यात येते. शाळेच्या मुलींसाठी मानव विकासच्या निळ्या गाड्या आहेत, बारावीपर्यंत पास मोफत आहे, हे चांगलंच आहे. पण प्रॅक्टिकल लांबलं आणि निळी गाडी निघून गेली तर पुढे काय? त्या मुलीचं मत कोण घेणार? आपल्याकडे मत द्यायची रीत म्हणजे आगारप्रमुखांना निवेदन, त्याचा फोटो पेपरात, आणि फारच झालं तर फाट्यावर रास्ता रोको. निवेदन देणाऱ्यांत गाडीची वाट बघणारं कुणी असतं का, फोटो नीट निरखून बघा. बहुतेक मोटारसायकलवाले पुढारी असतात. रास्ता रोकोत मात्र पोरं असतात, म्हणून मला त्यातला राग जास्त खरा वाटतो.

एसटी महामंडळाने २०२४ च्या जुलैपासून 'प्रवासी राजा दिन' सुरू केला. विभाग नियंत्रकांनी ठरलेल्या दिवशी आगारात यायचं आणि प्रवाशांचं म्हणणं थेट ऐकायचं. कल्पना चांगली आहे, माझा तिला पाठिंबा आहे. अडचण तीच, वेळ कचेरीची. तेव्हा पोरं वर्गात असतात, बायका हळदीच्या रानात असतात, मजूर कामावर असतो. राजा दरबाराला यायचा कधी?

ब्रॅम्प्टनच्या ट्रामचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. जी २०१५ मध्ये सात विरुद्ध चारने नाकारली, ती गावठाणापर्यंत नेण्याची घोषणा २०२४ मध्ये प्रांतिक सरकारने पुन्हा केली. तोवर शहरालाही ती हवी झाली होती, पण भुयारातून. रस्त्यावरून गेली असती त्याच्या कितीतरी पट महाग. डेव्हिस २०२१ मध्ये गेले. थांब्यावर उभी असलेली पोरं बदलली, काही नागरिक झाली, काहींनी गाड्या घेतल्या. त्यांच्या जागी नवीन पोरं उभी आहेत, आणि मत त्यांनाही नाही.

वसमत आगारात आणि परभणी विभागात जे कोणी हे वाचत असतील त्यांना माझी एक विनंती आहे. पुढचा प्रवासी राजा दिन आगाराच्या खोलीत घेऊ नका. आदल्या रात्री एखाद्या मुक्कामी गाडीने गावात जा, पहाटे तिच्यातूनच परत या, आणि त्याच संध्याकाळी वसमतच्या फलाटावर शेवटची गाडी सुटेपर्यंत उभे राहा. सोबत एक वही ठेवा.