ऑफ झाले

‘अण्णा ऑफ झाले.’

सकाळपासून हे तीन शब्द डोक्यातून जात नाहीत. या गोष्टीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. गेले, वारले, निवर्तले, देवाज्ञा झाली. पत्रिकेत छापायला ‘दुःखद निधन’ आहेच. पत्रिकेवर ‘ऑफ’ कुणी छापत नाही. पण फोनवरचं पहिलं वाक्य बहुतेकदा तेच असतं. ‘वारले’ म्हणताना आवाज फुटेल अशी धास्ती असते. परका शब्द घशातून लवकर सुटतो. की ही मीच करून घेतलेली समजूत?

एरवी दिवसभर हाच शब्द किती साध्या कामांना असतो. मूड ऑफ आहे. फोन स्विच ऑफ लागतोय. कंडक्टरचा गुरुवारी वीकली ऑफ.

आजीला दिव्याबद्दल ‘विझव’ म्हटलेलं चालत नसे. ‘मालव म्हणावं, नाहीतर शांत कर म्हणावं.’ ती फुंकर मारायची नाही. काडीनं वात हळूच मागे ओढायची, तेलात बुडवायची. बारीक धूर वर जायचा आणि तिचं बोट तेलकट व्हायचं, ते ती केसांना पुसायची. नारळही तिच्याकडे फुटत नसे, वाढत असे, बांगडीसुद्धा. आणि दारातून निघणाऱ्यानं ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. तिनं ‘ऑफ झाले’ ऐकलं असतं तर रागावली असती, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. आज तेवढी खात्री नाही. तीही नको तो शब्द टाळतच होती.

इंग्रजीत दूध ‘गो ऑफ’ झालं म्हणजे नासलं, दिवा झाला म्हणजे बंद पडला. पण गजर झाला म्हणजे वाजला. एकाच बोलात बंद पडणं आणि वाजू लागणं. आणि ‘आय अ‍ॅम ऑफ’ म्हणजे नुसतं ‘निघालो’. त्याहून विलक्षण म्हणजे, दूर जाण्याचा ‘ऑफ’ आणि चा-ची-चेचा ‘ऑव्ह’ हा मुळात एकच शब्द. जोर देऊन उच्चारला तो दूर गेला, जोर न देता उच्चारला तो नातं सांगत राहिला. सतराव्या शतकाच्या सुमारास त्यांची फारकत पक्की झाली. आमचे अण्णा, आणि ऑफ झालेले अण्णा. एका शब्दात दोन्ही मावत होतं, हे कळून दिलासा वाटावा की आणखी पोरकं वाटावं, हे मला ठरवता येत नाही.

उद्या त्यांच्या घरी जायचं आहे. अशा घरातून उठताना ‘येतो’ म्हणत नाहीत. काही न बोलता चपला घालायच्या आणि निघायचं.