दहा लाख असते तर…

आमची मोठी मुलगी नर्स आहे. ब्रिटनमध्ये नोकरीसाठी तिला आयईएलटीएसच्या बोलण्याच्या परीक्षेत 7 बँड हवेत. तीन भागांची परीक्षा, अवघी 11 ते 14 मिनिटांची. ‘असे झाले तर तुम्ही काय कराल?’ या धाटणीचे प्रश्नही त्यात येतात.

आम्ही दोघे नवरा-बायको शाळेत उर्दू-मराठी शिकवतो. इंग्रजी बेताचे, तरी घरीच सराव सुरू केला. पहिल्या संध्याकाळी विचारले, “वर्षभराची सुट्टी मिळाली तर काय करशील?” तिने इंग्रजीत सांगितले, “हॉस्पिटल एवढी सुट्टी देत नाही.” आणि गप्प!

पुढचे प्रश्नही तिथेच अडले. “जे नाही ते सांगायचे, म्हणजे खोटेच ना, अम्मी?”

खोटे कसे? त्यासाठीच तर इंग्रजीत ‘वुड’ आहे. तो शब्द आला की ऐकणाऱ्याला कळते, ही कल्पना आहे. परीक्षक तुमचे मत तपासत नाही. ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार पाहतो. घोटाळा होतो तो आपल्या भाषांमुळे. ‘पैसे असते तर घर घेतले असते’, ‘पैसे होते तो घर लेते’, दोन्हीकडे रूप सारखेच. म्हणून मुले ‘इफ’लाही ‘वुड’ जोडतात. तिथे ‘इफ आय हॅड’ म्हणायचे, ‘वुड’ दुसऱ्या अर्ध्यात. हे तिला दोन दिवसांत जमले.

तोंड मात्र उघडेना. लहानपणी ती ‘अमुक असते तर’ म्हणाली की “अगर-मगर बंद, अभ्यास कर” हे आमचेच वाक्य. वर्गातही तेच, प्रश्न एक, उत्तर एक, तेही पुस्तकातले. नर्सिंगचा फॉर्मसुद्धा आम्हीच आणला होता.

शेवटी दादीलाच विचारले, “दहा लाख मिळाले तर?” जानमाज घडी करता करता दादी दहा मिनिटे बोलल्या. आधी कर्ज फेडायचे, मग उमरा, मग गावच्या मशिदीत बोअर, आणि उरलेल्या पैशांत बांगड्या. “पोतीला नाही, मला!”

मुलगी खळखळून हसली. म्हटले, आता हेच इंग्रजीत सांग. तिने सांगितले. मग पहिलाच प्रश्न पुन्हा विचारला, वर्षभराच्या सुट्टीचा.

ती सावकाश म्हणाली, “इफ आय हॅड अ इयर, आय वुड स्टे हिअर.” इथेच राहिले असते, दादीचे सगळे किस्से लिहून घेतले असते.

व्याकरणात एकही चूक नव्हती. आम्ही पुढचा प्रश्न विचारायचे विसरलो. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.