तुमचा एसी किती?

फासे म्हटलं की आपल्याला आठवतो शकुनीमामा, नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीतली सापशिडी. पण वीस बाजूंचा फासा बघितलाय कधी? आमच्या कंपूत दर दुसऱ्या रविवारी तो कुणाच्या तरी डायनिंग टेबलवर गडगडत असतो. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ मध्ये आणला. एकजण गोष्ट चालवतो, तो डीएम. बाकीचे गोष्टीतली पात्रं होतात. आमच्यात एक सीए, एक आर्किटेक्ट, एक सॉफ्टवेअर टेस्टर, डीएम आणि मी. मी फ्रीलान्सर, म्हणजे नातेवाइकांच्या भाषेत 'सध्या घरीच असते'!

मारामारीचा फंडा एकदम सिंपल. मारणारा फासा टाकतो, त्यात आपलं कौशल्य मिळवतो. बेरीज समोरच्याच्या 'आर्मर क्लास'इतकी किंवा जास्त आली तर वार लागला, नाहीतर हुकला. आर्मर क्लास म्हणजे एसी. (ऑफिसात ज्याच्या रिमोटवरून भांडणं होतात तो नव्हे!) आम्ही २०१४ चे नियम वापरतो. त्यात अंगावर चिलखत नसेल तर एसी म्हणजे १० अधिक तुमची चपळाई. साखळ्यांचं चिलखत चढवलं की सरळ १६, हातात ढाल आली की आणखी २.

गंमत म्हणजे, वार होताना ज्याच्यावर होतोय तो काहीच करत नाही. फासा मारणाऱ्याच्या हातात. तुम्ही चिलखत आधीच घातलेलं असतं किंवा नसतं, बस्स. समजा गॉब्लिनला वार करताना ४ जास्तीचे मिळतात. एसी १८ असलेल्याला मारायला त्याला फाशावर १४ किंवा वर हवेत, म्हणजे शक्यता ३५ टक्के. एसी १२ वाल्या बिचाऱ्या जादूगाराला मारायची शक्यता ६५ टक्के! पण फाशावर २० पडले की कुणालाही लागतंच, आणि १ पडला की हुकतंच.

पूर्वी हे सगळं उलटं होतं बरं का. एसी जितका कमी तितका भारी. मग वजाबाक्या करत बसायचं. २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा कुठे हे गणित सरळ झालं.

आमची टेस्टर मैत्रीण यात लढवय्यी आहे. एसी १८. खऱ्या आयुष्यातही तसंच. सर्टिफिकेशन्स, वेळेवर काम, बॉसच्या मेलला रात्री अकरा वाजता रिप्लाय. मागच्या वर्षी तिच्या कंपनीने तिची अख्खी टीमच काढून टाकली. नंतर तीन महिने तिचं एकच पालुपद, "मी कुठे कमी पडले?"

अशाच एका रविवारी डीएमच्या खलनायकाने आमच्यावर फायरबॉल टाकला. ती सवयीने म्हणाली, "एसी अठरा!"

"फायरबॉलला एसी चालत नाही गं," डीएम म्हणाला. "सेव्ह टाक."

हा खेळातला दुसरा बचाव, सेव्हिंग थ्रो. इथे फासा मारणाऱ्याच्या नाही, तुमच्या हातात. वीस फुटांच्या त्रिज्येत जो कुणी उभा असेल त्याने टाकायचा. चिलखत कुणाचं किती भारी, हे आग विचारत नाही. आणि सेव्ह जमला तरी अर्धी इजा होतेच. तिचा जमला. तरी १४ पॉइंट गेले.

"म्हणजे सगळं बरोबर करूनही अर्धं लागतंच?"

"लागतंच."

ती फाशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे मला आधी कुणी सांगितलं नाही यार."

तेव्हापासून मीही माझे वार वेगळे करून बघते. लेख परत आला, तर तो एसीचा मामला. अजून दोन माणसांशी बोलायचं, आकडे तपासायचे, ढाल घ्यायची. पण माझं सदर ज्यात यायचं ते मासिकच बंद पडलं, तो फायरबॉल. त्यावर स्वतःचे जुने लेख काढून चुका शोधत बसण्यात अर्थ नाही.

आणखी एक नियम मला फार आवडतो. शेजारच्या क्लेरिकने 'ब्लेस' केलं, तर तुमच्या सेव्हमध्ये चार बाजूंचा एक जास्तीचा फासा मिळतो. सीएने तिच्या ईएमआयचं गणित बसवून दिलं. आर्किटेक्ट तिला दर शनिवारी जबरदस्तीने बाहेर काढतो. मी रेझ्युमे लिहून दिला. एक ते चार, जे पडेल ते.

नोकरी अजून मिळालेली नाही. इंटरव्ह्यू चालू आहेत. पण तिथे वार करायची पाळी तिची आहे, आणि हुकला तर पुढच्या फेरीत परत टाकता येतो. येत्या रविवारी खेळ तिच्याकडे आहे. मिसळ आम्ही नेणार!