शरीर जपून वापरण्याचं मत मी सोडलं

गुडघा असो की कंबर, जेवढी वापराल तेवढी झिजणार; साठीनंतर तर माणसानं बसूनच राहावं. बरीच वर्षं मी या मताची होते. तिलवारा घाटावर नर्मदा परिक्रमेतली मंडळी दिसली की हे मत आणखी पक्कं व्हायचं. घोटे सुजलेले, फोडांवर चिंध्या बांधलेल्या आणि तोंडी ‘नर्मदे हर’! मराठी कानावर पडली की आम्ही जबलपूरकर चहाला थांबवतोच. चहाबरोबर मी सल्लाही द्यायची, की दोन दिवस पाय वर करून पडा, दुखण्यावर गोळी घ्या. ‘काकू, थांबलं की पाय जास्त आखडतात,’ असं उत्तर यायचं. मला तो भाबडेपणा वाटे.

मत बदललं ते श्रद्धेनं नव्हे, एका रक्ततपासणीमुळे. कोविडच्या काळात घरातल्या एकाच्या अहवालात इंटरल्युकिन-6 वाढलेलं निघालं. शरीरात दाह भडकल्याची ती खूण. त्या नावाची धास्ती बसली, म्हणून वाचत गेले आणि भलतीकडेच पोचले. डेन्मार्कच्या बेंटे क्लारलुंड पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं होतं, की काम करणारा स्नायू हेच रसायन स्वतः रक्तात सोडतो. खूप वेळ, कष्टाचा व्यायाम केला तर त्याची पातळी शंभरपटीपर्यंतही चढते.

मग व्यायाम हा आजारच झाला की! पण इथेच खरी गंमत आहे. आजारात इंटरल्युकिन-6 बरोबर टीएनएफ हे दाह पेटवणारं रसायनही वाढतं आणि दोन्ही मुक्काम ठोकतात. स्नायूतून आलेलं इंटरल्युकिन-6 काही तासांत ओसरतं आणि जाता जाता दाह शमवणारं इंटरल्युकिन-10 वाढवून जातं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी पुरुषांना जिवाणूंच्या विषाची अगदी थोडी मात्रा टोचली होती. आराम करताना टोचली तेव्हा टीएनएफ वाढलं. सायकल चालवताना टोचली तेव्हा वाढलं नाही.

तरी मनात होतं, की हे सगळं रक्ताचं आणि प्रतिकारशक्तीचं काम असेल, स्नायू बिचारा काय करणार? ती शंका अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या 2021 मधल्या कामानं मिटवली. तिथे माणसाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत स्नायू वाढवले आणि आठवडाभर इंटरफेरॉन-गॅमा या दाहकारक रसायनात ठेवले. तंतू बारीक झाले, ताकद गेली. मात्र ज्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन आकुंचन पावायला लावलं होतं, ते जवळजवळ शाबूत राहिले. तिथे ना रक्त होतं, ना प्रतिकारपेशी. आकुंचन पावणारा स्नायूच दाहाला अडवत होता. इथे मी हात टेकले.

माझ्या गोळीच्या सल्ल्याचीही गत बरी नाही. स्वीडनमध्ये तरुणांना आठ आठवडे वजनाचा व्यायाम करायला लावला. रोज 1200 मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांचे स्नायू, अ‍ॅस्पिरिनची छोटी मात्रा घेणाऱ्यांपेक्षा कमी भरले. व्यायामानंतरचा थोडा दाह दुरुस्तीच्या कामाचा असतो. स्नायूतल्या झोपलेल्या राखीव पेशी त्या वेळी जाग्या होतात. अर्थात सांधा लाल, गरम होऊन सुजला, किंवा ताप असला, तर तिथे माझं जुनंच मत कायम आहे: विश्रांती आणि डॉक्टर.

आपल्या लोकांना हे जास्तच लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के! वजनकाटा हे सांगत नाही. पोटातली चरबी धुमसता दाह चालू ठेवते आणि तो शमवणारा स्नायू आपल्याकडे आधीच कमी.

वयाची सबबही उरत नाही. बॉस्टनमधल्या नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांनी आठ आठवडे वजनं उचलली, तर त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. हे 1990 साली छापून आलं आहे.

आपल्या मंडळांच्या कार्यक्रमात आपण ज्येष्ठांसाठी आवर्जून खुर्च्या मांडतो. मांडाव्यातच. पण ज्यांना डॉक्टरांची मनाई नाही, त्यांच्याकडून त्याच खुर्चीवरून, हात न टेकता, दहा वेळा ऊठबसही करवून घ्या.