पाहुणे कलाकार

जुन्या सिनेमांच्या नामावलीत मुख्य नट-नट्यांची नावे संपली की एक ओळ हमखास यायची : 'पाहुणे कलाकार'. कुणी ओळखीचा चेहरा दोन मिनिटांसाठी पडद्यावर यायचा, एखादा संवाद म्हणायचा आणि निघून जायचा. थिएटरात शिट्ट्या मात्र त्यालाच जास्त पडायच्या. मुलांच्या व्हिडिओ गेममध्येही असे पाहुणे कलाकार असतात, हे आमच्या वयाच्या पालकांना सहसा माहीत नसते. मोबाइल आणि मुले आता प्रत्येक घरात आहेत, म्हणून आज याविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे वाटले.

ज्या गेममध्ये एक बुटका नायक पळतो, खड्डे ओलांडतो, एका फळीवरून दुसऱ्या फळीवर उडी मारतो, त्याला 'प्लॅटफॉर्मर' म्हणतात. मारिओ आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे, तोच हा प्रकार. मोठ्या कंपन्या असे गेम शेकडो माणसे लावून बनवतात. पण दोघा-तिघांनी मिळून, कधी एकट्यानेच, घरच्या कॉम्प्युटरवर बनवलेले गेमही असतात. त्यांना 'इंडी' म्हणतात, म्हणजे स्वतंत्र. एकीकडे मोठा कारखाना आणि दुसरीकडे घरच्या ओसरीवर मांडलेला हातमाग, असाच हा फरक आहे.

पाहुण्यांना बोलावण्याची रीत या हातमागवाल्यांनी मनापासून जपली. २०१० मध्ये एडमंड मॅकमिलन आणि टॉमी रेफेनीस या दोघा अमेरिकन तरुणांनी 'सुपर मीट बॉय' नावाचा गेम काढला. त्याचा नायक म्हणजे चक्क मांसाचा एक चौकोनी तुकडा. (त्यात रक्ताचे शिंतोडे फार आहेत, म्हणून लहान मुलांच्या हाती तो देऊ नये, हे आधीच सांगून ठेवतो.) या गेममध्ये अवघड जागी पट्ट्या लपवलेल्या आहेत. त्या गोळा केल्या की दुसऱ्यांच्या गेममधली काही पात्रे एकेक करून खेळायला मिळतात. या गेमच्या पाहुण्यांतला ओग्मो हा 'जंपर' या २००४ सालच्या, फुकट वाटलेल्या गेममधला. तो गेम मॅडी थॉर्सन यांनी शाळकरी वयात बनवला होता. गिश हा डांबराचा गोळाही २००४ चाच. तो घडवणाऱ्यांत स्वतः मॅकमिलन होते, म्हणजे त्यांनी आपलेच जुने लेकरू नव्या घरी आणले. कॅप्टन विरिडियन हा टेरी कॅव्हना यांच्या गेममधून आलेला.

प्रत्येक पाहुणा आपला हुन्नर बरोबर घेऊन येतो, हे आम्हाला सर्वांत जास्त आवडले. ओग्मो हवेतल्या हवेत दुसरी उडी मारतो. गिश भिंतीला चिकटतो. कॅप्टन विरिडियन उडी मारतच नाही, तो वर-खाली ही दिशाच उलटी करतो आणि छतावरून चालतो. यजमानाच्या घरात येऊनही त्यांची ओळख पुसली जात नाही. उलट यजमानाचे घर त्यांच्या नजरेने वेगळे दिसू लागते. जिथे नायक अडकतो तिथून पाहुणा सहज निघून जातो.

पुढे २०१४ मध्ये 'शॉव्हेल नाइट' आला, म्हणजे फावडे हाती घेतलेला शिलेदार. त्याच्या एक्सबॉक्सवरच्या आवृत्तीत १९९१ सालचे बॅटलटोड्स, म्हणजे लढाऊ बेडूक, पाहुणे म्हणून आले. मग हा फावडेवाला स्वतःच इतरांच्या गेममध्ये पाहुणा म्हणून जाऊ लागला. काल जो यजमान होता तो आज पाहुणा. आपल्याकडे ईदच्या दिवशी हेच होत नाही का? सकाळी शिरखुर्मा वाढणारा दुपारी दुसऱ्याच्या दस्तरखानावर बसलेला असतो.

उर्दू वाचणाऱ्यांना यात फार नवल वाटायला नको. उमरो अय्यार हा मुळात अमीर हमजाच्या दास्तानातला साथीदार. (दास्तानातला हमजा कल्पनेतला आहे. त्याच्या पराक्रमांना हजरत हमजा रजि. यांचा इतिहास समजू नये.) पण उमरो आपली झंबील, म्हणजे वाटेल ते मावणारी झोळी, खांद्यावर टाकून त्या दास्तानातून बाहेर पडला आणि विसाव्या शतकात मुलांच्या लहान लहान उर्दू पुस्तकांचा नायक झाला. दास्तानातला अमीर हमजा तर पार जावा बेटावर गेला, तिथल्या बाहुल्यांच्या खेळात शिरला आणि तिथलाच झाला. ज्या पात्राला पाहुणचार मिळतो ते जगते. ज्याला कुणी बोलवत नाही ते कपाटातल्या पुस्तकात वाळवीची वाट पाहत राहते.

मात्र पाहुणा आणि घुसखोर यांत फरक आहे. नव्वदच्या दशकात शिरूर, दौंडसारख्या गावांत टीव्हीला जोडायचा गेम ज्या घरी असे, त्या घरी शाळा सुटल्यावर चपलांचा ढीग पडायचा. पिवळ्या किंवा काळ्या कॅसेटवर लाखांत आकडा छापलेला असायचा. प्रत्यक्षात पंधरा-वीस गेम नावे बदलून पुन्हा पुन्हा यायचे. ती यंत्रेही १९८३ सालच्या जपानी फॅमिकॉमची नक्कल होती, हे आम्हा मुलांना कुठे ठाऊक होते! त्या बाजारात भलतीच पात्रे भलत्या गेममध्ये दिसायची. तैवानमध्ये १९९४ साली बनलेल्या 'सोमारी' नावाच्या कॅसेटमध्ये तर एका कंपनीचा मारिओ दुसऱ्या कंपनीच्या सॉनिकच्या गेममध्ये पळत होता. ना याची परवानगी, ना त्याची. त्या गेमने आमच्यासारख्यांना आनंद दिला असेल, पण ज्यांनी ती पात्रे घडवली त्यांना साधा सलामही पोचला नाही.

पात्र तेच आणि उडीही तीच असेल, पण विचारून आणले तर तो पाहुणा होतो. न विचारता आणले तर त्याला दुसरे नाव द्यावे लागते.

हे सगळे लिहायला कारण घडले ते आमच्या घरातच. आम्ही शिरूरला शिक्षक आहोत. आमच्या आपाचे सासर दौंडला. दुल्हाभाई रेल्वेत होते, आता निवृत्त झाले आहेत. त्यांना दोन मुले. धाकटा दहावीसाठी आमच्याकडे शिरूरला राहायला आला. थोरला आखातात एका दुकानात नोकरी करतो. थोरल्याला कॉम्प्युटरचा नाद होता, गेम बनवायचे होते. दुल्हाभाईंचे म्हणणे होते की रेल्वेच्या परीक्षा दे, घर चालले पाहिजे. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघांनीही आवाज चढवला. तो गेला तेव्हा बापाशी बोलून गेला नाही. पैसे दर महिन्याला यायचे. फोन यायचा तो आपाच्या नावाने, तिची तब्येत विचारून बंद व्हायचा. धाकट्याशीही बोलणे आटत गेले होते.

या थोरल्याने कॉलेजात असताना एक लहानसा गेम बनवला होता. त्यात झेंडेवाला नावाचे पात्र होते. डोक्यावर टोपी, एका हातात हिरवा झेंडा, एका हातात लाल. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागायचे, हे दौंडकरांना माहीत आहे. पुढचा डबा मागचा व्हायचा. थोरल्याने ते गेममध्ये आणले. झेंडेवाल्याने झेंडा हलवला की सगळ्या डब्यांची दिशा उलटायची आणि बंद वाट मोकळी व्हायची. दहा-पंधरा मित्रांनी तो खेळला असेल. जगाच्या नकाशावर त्याची नोंद नाही.

आणि आता तो चालतही नाही. कारण तो 'फ्लॅश'मध्ये बनवला होता. एके काळी वेबसाइटवरचे हजारो छोटे गेम फ्लॅशवर चालत. पण अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने ते चालवणेच बंद केले. असे जुने गेम वाचवण्यासाठी काही लोक झटत आहेत, पण ज्याची कुणाला खबरच नाही तो गेम कोण वाचवणार?

धाकट्याने गेल्या वर्षी फुकट मिळणारे एक सॉफ्टवेअर घेऊन स्वतःचा गेम बनवायला सुरुवात केली. रोज अर्धा तास, अभ्यास झाल्यावर, अशी आमची अट. त्याचा नायक निघोजच्या कुंडावरचा. कुकडीच्या पात्रात पाण्याने आणि गोट्यांनी खडकात कोरलेले रांजणखळगे आहेत, टाकळी हाजीच्या बाजूनेही ते पाहता येतात. त्या खळग्यांवरून उड्या मारत पोराने नदी ओलांडायची, असा खेळ. एका ठिकाणी पाण्याचा प्रवाह इतका जोरात होता की नायक पार होईना. तेव्हा एके दिवशी त्याने आम्हाला स्क्रीन दाखवली. खडकावर टोपी घातलेला एक माणूस उभा होता. त्याने झेंडा हलवला आणि नदी उलटी वाहू लागली.

"मामू, पहचाने क्या?"

ओळखले होते. आम्ही एवढेच विचारले, "तुझ्या भाईजानला विचारलंस?"

तो गप्प. मग म्हणाला, "त्यांना कशाला? गेम तर बंदच पडलाय."

"गेम बंद पडला म्हणून झेंडेवाला बेवारस झाला का? त्याचा बाप जिवंत आहे. पाहुणा म्हणून आणायचं असेल तर घरच्यांची इजाजत लागते."

मग त्याला ओग्मोचे, गिशचे उदाहरण दिले. ती माहितीही मूळची त्याचीच, त्यानेच आम्हाला आधी दाखवलेली. दोन दिवस त्याने काढले. तिसऱ्या दिवशी इशाच्या नमाजनंतर भावाला व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिले, 'भाईजान, याला माझ्याकडे राहू देता का? नाव तुमचंच लिहीन.'

उत्तर लगेच आले नाही. आखातात दुकाने रात्री उशिरा बंद होतात. पहाटे संदेश दिसला. परवानगी होती आणि तिच्यासोबत तीन अटी. एक, झेंडेवाला मरता कामा नये, माझ्या गेममध्ये तो कधीच मरत नव्हता. चुकला तर फलाटावरच्या बाकड्यावर बसून पुढच्या गाडीची वाट पाहायचा. दोन, टोपीचा रंग निळा होता, तू काळा केलास. तिसरी अट वाचून आम्ही थोडे थांबलो. 'झेंडा धरायची पद्धत चुकली आहे. माझीही चुकली होती. अब्बूंना विचार.'

पुढच्या रविवारी न्हावरा, चौफुला करत दौंडला गेलो. दुल्हाभाईंनी चश्मा पुसून गेम पाहिला. त्यांना गेम काय कळणार, पण झेंडा कळला. ते उठले, कपाटावरून गुंडाळून ठेवलेले दोन्ही झेंडे काढले आणि अंगणात उभे राहून कोणता इशारा कसा द्यायचा ते हळूहळू करून दाखवले. धाकटा मोबाइलवर चित्रण करत होता. झाल्यावर त्यांनी विचारले, "हे त्याला पाठवणार आहेस?"

"हो, अब्बू."

"मग परत घे. हात खाली राहिला होता."

त्या संध्याकाळी फोन आला तो आपाच्या नावानेच, पण तिने तो दुल्हाभाईंच्या हातात दिला. बोलणे पाच मिनिटांचे, तेही झेंड्यांविषयीच. ज्या विषयावरून भांडण झाले होते तो निघाला नाही. घरातल्या पुरुषांचा समेट बहुधा असाच दुसऱ्याच विषयातून होतो, हे आपल्या बायकांना आपल्यापेक्षा चांगले माहीत असते.

आई-वडिलांना एवढेच सांगावेसे वाटते की मूल काय खेळते हे विचारताना 'किती वेळ?' हा प्रश्न जरूर विचारा, वेळेला लगाम हवाच. पण त्याबरोबर 'यात कोण आहे? कुणी बनवलं?' हेही विचारा. ज्या गोष्टीने आनंद मिळतो तिच्यामागे एक माणूस असतो, त्याला नाव असते, त्याचा हक्क असतो, हे मुलाला एकदा कळले की फुकट उतरवलेल्या पुस्तकाविषयी, नक्कल केलेल्या गृहपाठाविषयीही तो वेगळा विचार करू लागतो. वर्गात आम्हाला याचा अनुभव येतो. आणि मुलाने स्वतः काही बनवले असेल, चित्र, नात, गोष्ट, गेम, तर ते जपून ठेवा. यंत्रे बदलतात, आज उघडणारी फाइल उद्या उघडत नाही. वहीवर काढलेले चित्र मात्र पेटीत राहते.

धाकट्याचा गेम अजून अपुरा आहे. दहावीची परीक्षा आधी, असे ठरले आहे. शेवटच्या नामावलीत नावे किती आणि कोणत्या क्रमाने द्यायची यावर सध्या खल चालू आहे. धाकटा म्हणतो, 'पाहुणे कलाकार' या ओळीखाली झेंडेवाला आणि त्याच्यापुढे भाईजानचे नाव. थोरल्याने तिकडून कळवले आहे की त्याखाली आणखी एक ओळ हवी : 'झेंड्यांचे उस्ताद', आणि पुढे अब्बूंचे नाव.