काढा, जंतू आणि एक पच्चक्खाण

तीन वर्षांपूर्वी, पर्युषणाच्या तोंडावर, मला हिवताप झाला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. उपवास जवळ आलेले. चौदा दिवसांच्या गोळ्या डबीतच राहिल्या आणि मोठ्या वहिनींनी दिलेला काडेचिराइताचा काढा मी घेऊ लागलो. ‘‘रसायनाला जंतू सरावतात, वनस्पतीला नव्हे,’’ असे त्या म्हणाल्या. मलाही पटले. दोन महिन्यांनी ताप परतला.

डॉक्टरांनी समजावले की ‘व्हायवॅक्स’ जातीचे जंतू यकृतात दडून राहतात. त्यांच्यासाठीच त्या चौदा दिवसांच्या गोळ्या असतात. ही जंतूंची सवय नव्हे, माझी हयगय होती. तरी वहिनींचे वाक्य मनात राहिले आणि मी वाचू लागलो.

आमचे वडील ज्याला कोयनेल म्हणत ते क्विनाईन सिंकोना झाडाच्या सालीतून निघते. त्याला दाद न देणारा हिवताप ब्राझीलमध्ये १९१० मध्येच नोंदला गेला. चिनी वनस्पतीतून आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले. पण त्याआधीच पश्चिम कंबोडियात जंतू त्या औषधाने सावकाश मरू लागले होते. म्हणजे वनस्पतीलाही जंतू सरावतात. कोट्यवधी जंतूंत काही निसर्गतःच वेगळे असतात. औषधाने बाकीचे मरतात, हे उरतात आणि त्यांचाच वंश वाढतो. मात्रा अपुरी असेल तर त्यांना अधिकच वाव मिळतो. औषध कारखान्यातले की झाडाचे, हे जंतू विचारत नाही. काढ्यात तर मात्रा ठरलेलीच नसते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना त्या चिनी वनस्पतीच्या चहाला हिवतापावरील उपचार मानत नाही.

काढ्याविषयी माझा आदर कमी झालेला नाही. घसा धरला की मी आजही घेतो. पण हिवतापात रक्ततपासणी आणि पुरी मात्रा यांना पर्याय नाही.

त्याहून बरा मार्ग आपल्या आचारातच आहे. १९११ मध्ये डॉ. बेंटले यांनी मुंबईच्या हिवतापाचे मूळ शहरातील विहिरींत दाखवले. आज विहिरींच्या जागी गच्चीवरच्या टाक्या आहेत. आपण पाणी गाळून पितो, पण टाकीचे झाकण उघडे ठेवतो! झाकण घट्ट असेल तर तिथे डास जन्मणार नाही, आणि त्याला मारण्याचे पापही लागणार नाही.

यंदा पर्युषणात मी एक जादा पच्चक्खाण घेणार आहे: सुरू केलेले औषध अर्धवट सोडणार नाही. आजारपणात तप पुढे ढकलता येते. औषधाचा चुकलेला दिवस मात्र भरून निघत नाही.