हिर्डोशीच्या वाटेवरील राणी पाकोळी

भोर सोडून वरंध घाटाकडे निघाले की नीरा-देवघरच्या जलाशयाची सोबत सुरू होते. त्याच वाटेवर हिर्डोशी आहे. हा मुलूख हिरडस मावळाचा. येथील रानातल्या हिरड्याची ओळख आपल्या व्यापारी बांधवांना नव्याने करून द्यायला नको. बँकेत असताना कर्जवसुलीसाठी या खोऱ्यात अनेकदा आलो होतो, पण तेव्हा नजर सातबाऱ्यावर असे, झाडांवर नव्हे.

गेल्या आश्विनात सौभाग्यवतींसह पुन्हा गेलो. ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर एक मखमली काळे फुलपाखरू बसले होते. पंख उघडताच फिकट निळाई आणि तीवर काळे ठिपके. पंखांचा विस्तार १२ ते १५ सेंटीमीटर. हीच राणी पाकोळी, इंग्रजीत ब्लू मॉरमॉन. २०१५ साली महाराष्ट्राने तिला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे हे देशातील पहिले राज्य. (नाव राणीचे असले तरी मातीतील क्षार शोषायला बसणारे बहुधा नर असतात.) हिमालयातील कैसर-ए-हिंदइतकी ती दुर्मीळ नाही. मात्र सह्याद्री, दक्षिण भारत आणि श्रीलंका एवढेच तिचे मुख्य घर, आणि तिच्या अळीला लिंबाच्या कुळातीलच पाने लागतात. रानात माकडलिंबू, गावात लिंबू आणि पपनस.

गावात ज्या आजींकडे पाणी मागितले, त्यांच्या परसात लिंबाचे झाड होते. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा एक ठिपका दिसला. काडीने डिवचताच त्याने डोक्यामागून दोन शिंगे काढली व उग्र वास सोडला. ती अळी होती! लहानपणी असा वेष घेऊन ती पक्ष्यांना चकवते. मोठी झाली की हिरवी होते.

“औषध मारत नाही का?” मी विचारले.

“असू द्या की भाऊ, चार पानं खाईल आन् उडून जाईल.”

मी गप्प झालो. पुण्यात गच्चीवरील कुंडीतल्या लिंबावर मी दरवर्षी कीटकनाशक फवारत आलो होतो. त्या अळ्या राणी पाकोळीच्या की तिच्याच कुळातील साध्या लिंबाच्या फुलपाखराच्या, हे कधी पाहिलेच नव्हते. पाणी गाळून पिणाऱ्या घरात चतुरिंद्रिय जीवांचा हा हिशेब कोणत्या खात्यावर मांडायचा?

यंदा श्रावणात कुंडीतील पाने पुन्हा कुरतडलेली दिसली. पंप माळ्यावरच आहे. सौ. रोज सकाळी अळ्या मोजतात. काल पाच होत्या.